डॉक्टरांचं नरसाळं

आठवा महिना लागलेला, आणि पोटातलं बाळ सकाळपासून गप्प होतं. सूनबाईच्या जिवाला चैन नव्हतं. नवरा गाडी आणायला गेला होता; मोठा दवाखाना दोन तासांवर. तोवर सासूबाईंनी शेजारच्या नर्सबाईंना बोलावलं. सूनबाईचे सासरे डॉक्टर होते, आणि याच घराच्या पुढच्या खोलीत नर्सबाईंनी त्यांच्या हाताखाली तीस वर्षं काढली होती.

डॉक्टर गेल्यापासून ती खोली बंदच असायची. सूनबाईला मात्र लग्न होऊन आल्या दिवसापासून तिथल्या काचेच्या कपाटाचं भारी कुतूहल. पुड्यांची औषधं जोखायचा बोटभर तराजू, काचेची जाडजूड पिचकारी, जीभ दाबायची चपटी पट्टी. आज नर्सबाईंनी तिला तिथल्याच बाकावर निजवलं आणि कपाटातली छातीला लावायची नळी काढली. रबर वाळून गेलेलं. हातात येताच तुकडे पडले.

"असू दे. वहिनी, ते लाकडी कुठंय? छोट्या कर्ण्यासारखं?"

"आमचं नरसाळं?" सासूबाई म्हणाल्या. "बागेचं बियाणं बाटल्यांत भरते मी त्याने."

"नरसाळं! अहो, पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं ते! डॉक्टर वर कपाळ बडवून घेत असतील."

"घेऊ देत! हयातभर 'हात लावू नकोस' यापलीकडे काही सांगितलं का मला? ते गेले तेव्हा कुठे हात लावायला मिळाला."

सूनबाईला त्याही अवस्थेत हसू फुटलं.

सासूबाईंनी नरसाळं पुसून आणलं. नर्सबाईंनी त्याचं रुंद तोंड पोटावर टेकवलं, चपट्या टोकाला कान लावला. जागा बदलली. पुन्हा बदलली. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. सासूबाईंचे ओठ हलू लागले. देवाला हाक घातली असावी.

"मिळत नाही," नर्सबाई पुटपुटल्या.

सूनबाईने हात पुढे केला. "बघू मला." नरसाळं खिडकीच्या उजेडाकडे धरून तिने डोळा लावला. "नर्सबाई, यातून पलीकडचं दिसायला हवं ना? मला नुसता अंधार दिसतोय."

सासूबाईंनी अंबाड्यातला आकडा उपसला आणि भोकात घातला. टक् करून घेवड्याची बी फरशीवर पडली.

कोणी हसलं नाही. नर्सबाईंनी पुन्हा कान लावला, नरसाळ्यावरचा हात काढून ते नुसत्या कानाने दाबून धरलं. बराच वेळ त्या हलल्या नाहीत. मग त्यांनी सूनबाईचा तळहात उघडला आणि त्यावर बोट वाजवू लागल्या. टिक टिक टिक टिक, घाईघाईने.

"हे काय?"

"तुझं बाळ. स्वतःच्या पोटाला कान लावता येत नाही ना, म्हणून डॉक्टर प्रत्येक आईला असंच ऐकवायचे. ठोके छान आहेत. तरी दवाखान्यात जायचंच हं, पोरी."

"सरका, मलाही ऐकू द्या," सासूबाई म्हणाल्या, आणि कान लावल्या लावल्या डोळे मिटून बसल्या.

बाहेर गाडी थांबली. नवरा धावतच आत आला, "काय झालं?" विचारत राहिला. सूनबाई त्याच्यासोबत गाडीत जाऊन बसली. मग तिने त्याचा तळहात ओढून घेतला, उघडला, आणि त्यावर बोट वाजवू लागली.