न वाजवलेला हॉर्न

राजूरच्या स्टँडवर कारभारीची जीप सकाळपासून सुटत होती. म्हणजे सुटत बिटत काही नव्हती. कारभारी अर्ध्या गावाला ऐकू जाईल असा हॉर्न दाबायचा, "चला अकोलेऽ, सुटली, सुटली!" म्हणून ओरडायचा, गाडी हातपंपापर्यंत न्यायचा आणि तशीच मागं आणून उभी करायचा. समोरच्या हॉटेलातली माणसं चहात खारी बुडवत बसली होती, ती ढिम्म हलत नव्हती.

जीपमध्ये एकटी शुभांगी होती. अकोल्याच्या कॉलेजात बी.ए.चं पहिलं वर्ष, आणि त्यातलं मानसशास्त्र राहिलेलं. आज अकरा वाजता त्याच विषयाचा ऑक्टोबरचा पेपर. डोंगरातल्या वस्तीवरून उतरून येईपर्यंत एसटी तिच्या डोळ्यांदेखत निघून गेली होती, आता भिस्त होती ती या जीपवर. मग बसल्याबसल्या तिनं पुस्तक उघडून उजळणी सुरू केली. संवेदन, अवधान, स्मृती, अभिसंधान. पहिली तीन प्रकरणं तोंडपाठ होती, चौथ्यापाशी आली की तिचा धीर सुटायचा.

मार्चच्या पेपरात अभिसंधानावर तिनं दोन पानं भरून कुत्रा लिहिला होता. तोच तो पुस्तकातला रशियन कुत्रा. घंटा वाजली की खाणं मिळतं हे शिकलेला, म्हणून नुसत्या घंटेनंही तोंडाला पाणी सुटणारा. आणि नुसतीच घंटा वाजत राहिली, खाणं येईचना, की हळूहळू लाळ बंद, त्याला म्हणायचं विलोपन. सगळं स्वल्पविरामासकट लिहिलं होतं. प्रश्न मात्र होता, स्वतःच्या अनुभवातलं उदाहरण द्या. "कुत्रा पुस्तकात आहे गं," वाकचौरे सर नंतर म्हणाले होते, "तुझं काय?" आपलं काय, ते तिला अजून सापडलं नव्हतं.

घरी वेगळीच तऱ्हा. तिचे वडील भीमराज धरणावर चौकीदार. मार्चमध्ये त्यांनी विचारलं, "कसा गेला पेपर?" तर ही म्हणाली, "झकास!" निकाल लागला तेव्हा त्या झकासचं काय झालं ते सगळ्या वस्तीनं पाहिलं. मग "फेरतपासणीत सुटते बघा" म्हणाली, तेही खोटं ठरलं. तेव्हापासून ती "या बारीला नक्की" म्हणाली की भीमराज नुसतं "हां" म्हणायचे, मान वर करायचे नाहीत. दिवाळी झाली की संगमनेरचे पाहुणे तिला बघायला येणार होते. त्यांना सून लगेच हवी होती, शिकणारी सून त्यांना नकोच होती. निकाल लागायचा त्याच्याही नंतर.

कारभारीनं पुन्हा हॉर्न दाबला. शुभांगीनं वैतागून पुस्तकातून डोकं वर काढलं. हॉटेलाच्या बाकावर गोजरबाई कोंबड्यांची पाटी पायाशी घेऊन बसली होती, तिनं बशीतला चहा शांतपणे फुंकला. ही जीप नवी होती तेव्हा हीच गोजरबाई हॉर्न ऐकला की भरली बशी टाकून पळायची. शुभांगीनं स्वतः पाहिलं होतं.

ती बघतच राहिली. हॉर्न वाजतो, जीप सुटत नाही. वाजतो, सुटत नाही. आता कुणी उठत नाही. अगं बाई, हेच की ते! एवढे महिने ती जे घोकत होती ते समोरच्या बाकावर बसून खारी खात होतं. तिला हसू फुटलं, आणि लगेच रागही आला, कारण या विलोपनापायी तिचा पेपर चुकणार होता.

"कारभारीमामा, हॉर्न बंद करा."

"आन मानसं काय पत्रिका छापून बोलवू?"

"तुमी खोटं वाजवता म्हनून कोन येत न्हाई. आता न वाजवता निघा. पुलापल्याड जा, आन मागं फिरू नका."

"रिकामी गाडी नेऊ? डिझेल तुझ्या पुस्तकातून काढू व्हय?"

"पुलापल्याड कोन आलं न्हाई तर मी उतरते. तुमी खुशाल मागं या. मी जाते चालत."

चालत म्हणजे पेपरावर पाणी, हे दोघांनाही कळत होतं. कारभारीनं तिच्याकडं एकदा निरखून पाहिलं. त्याचाही घसा बसला होता. त्यानं गिअर टाकला.

हातपंप मागं पडला. हॉटेलातून कुणी बघितलंसुद्धा नाही. येतोय माघारी, जातोय कुठं, असाच सगळ्यांचा हिशेब. पूल आला, पूल गेला. कारभारीनं ब्रेक लावला आणि हात गिअरकडं नेला.

"बघ. झालं समाधान?"

शुभांगीनं मागं वळून पाहिलं, रस्ता रिकामाच होता. तरी ती म्हणाली, "मामा, आता मागं घेतली तर तुमच्या जान्यावर बी कोन भरोसा ठेवनार न्हाई. वळनापतुर चला. मग उतरते." आणि तिनं पुस्तक पिशवीत टाकून पिशवी खांद्याला लावली.

गाडी जेमतेम हलली असेल, तेवढ्यात मागून आरडाओरडा ऐकू आला. गोजरबाई डोक्यावर पाटी आणि पाटीत कलकलणाऱ्या कोंबड्या घेऊन पळत येत होती, आणि तिच्यामागं अख्खं हॉटेल, तोंडातली खारी गिळत.

"मुडद्या, हॉर्न तरी वाजवायचा!" गोजरबाई चढताचढता कारभारीवर खेकसली. कारभारीनं शुभांगीकडं पाहिलं आणि दात काढले. जीप खचाखच भरली.

वर्गात ती पोचली तेव्हा प्रश्नपत्रिका वाटून झाल्या होत्या. अभिसंधानाचा प्रश्न होताच, तोच, उदाहरणासह. सवयीनं हातानं कुत्रा लिहायला घेतला. तिनं तो कचकन खोडला आणि खाली लिहिलं, 'आमच्या राजूरच्या स्टँडवर एक जीप आहे.' मग पेन थांबलंच नाही.

संध्याकाळी घरी आली तेव्हा भीमराज ओट्यावर बसून बॅटरीत सेल घालत होते. खाली बघतच त्यांनी विचारलं, "कसा गेला?"

झकास गेला होता. अगदी खराखुरा. तो शब्द ओठांपर्यंत आला, आणि तिला हॉटेलातली ती न हलणारी डोकी आठवली. तिनं तो शब्द गिळला. जड गेलं, पण गिळला.

"निकाल लागू द्या, दादा. त्याच्याआधी मी काय बोलत न्हाई."

भीमराजांचा हात थांबला. किती महिन्यांनी त्यांनी मान वर केली आणि लेकीच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"आक्काबाई," त्यांनी घरातल्या बायकोला हाक मारली, "संगमनेरवाल्यांना निरोप धाड. म्हनावं, पोरीचा निकाल लागल्याबिगर येऊ नका."