बाईंचा मोकळा तास

मी सहावीच्या वर्गातला फळा. सुताराने मला भिंतीवर ठोकलं, रंगाऱ्याने काळं फासलं. तोंडाला काळं फासूनही ज्याच्याकडे सगळे मान वर करून बघतात, असा जगात बहुधा मीच!

माझ्यावर पुष्कळांनी लिहिलं, पण जीव लावला तो गणिताच्या बाईंनी. पोरं मैदानावर गेली, की त्या मोकळ्या तासाला बाई एकट्याच यायच्या आणि उद्याचा धडा आधी मला शिकवायच्या. लिहायच्या, दोन पावलं मागे सरून बघायच्या, पुसायच्या. "छे, इथे पोरं ठेचकाळणार," असं पुटपुटत पुन्हा मांडायच्या. दुसऱ्या दिवशी तो धडा इतका सहज उतरायचा, की बघणाऱ्याला वाटावं, बाईंना सगळं आपसूकच सुचतं.

तेच नडलं. शाळेतले दोन शिक्षक बदलून गेले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, हा तास आता सातवीला द्या. तुम्हाला कसली आलीय तयारी? गणित म्हणजे तुमच्या हातचा मळ!"

"गणित मला येतं हो, सर. ते पोरांना कुठे अडेल, हे शोधावं लागतं."

सर हसले. तास गेला.

वर्गात एक मुलगी होती. प्रत्येक वाक्य 'पण'ने सुरू करायची, म्हणून पोरं तिला 'पणती' म्हणायची. अपूर्णांकांच्या भागाकाराच्या दिवशी बाई सातवीतून धापा टाकतच आल्या आणि उदाहरण लिहू लागल्या.

"पण बाई, अर्ध्याला पावाने भागलं तर दोन कसे? भागल्यावर वाढलं कसं?"

बाईंचा खडू थांबला. मागच्या वर्षी त्यांनीच माझ्यावर अर्धी पट्टी काढून तिच्यात पाव कितीदा बसतो ते दाखवलं होतं. दमल्या डोक्याला ते आठवेना. मला ओरडून सांगावंसं वाटलं. पण फळ्याला कुठला आलाय आवाज?

"दुसरा अपूर्णांक उलटा करून गुणायचं. नियमच आहे तो. लिहून घ्या."

पणतीने मुकाट्याने लिहून घेतलं. त्यानंतर तिची उत्तरं बरोबर यायची. प्रश्न मात्र तिने पुन्हा विचारला नाही.

काही दिवसांनी सर वर्गात डोकावले, तेव्हा बाईंनी विषय काढला. "सर, त्या पोरीने विचारणंच सोडलंय. माझा तास परत द्या."

"पटतंय हो, बाई. पण सातवीच्या पोरांना वाऱ्यावर सोडू? माझेही हात बांधलेत."

बाई खडू उचलून माझ्याकडे वळल्या. सातवीचीही पोरंच होती.

आता माझा रंग उडालाय. बाई येतात, वळणदार अक्षरात तारीख लिहितात आणि सुरुवात कुठून करावी म्हणून घुटमळतात. ते माझ्याच्याने बघवत नाही, आणि मला तर डोळेही मिटता येत नाहीत.

माझं एकच मागणं आहे. रिकाम्या वर्गात एखादी बाई एकटीच फळ्यासमोर उभी दिसली, तर तिला रिकामी समजून काम सांगू नका. ती शिकवतेच आहे.