नोझाकीच्या अंगणातला खांब

नोझाकीने स्वतःच्या अंगणात विजेचा खांब उभा केला, आणि त्या दिवसापासून सेगावाच्या पोटात जे दुखायला लागलं ते काही केल्या थांबेना.

खांब म्हणजे चांगला दहा मीटर उंच, सिमेंटचा, वर रांजणाएवढा ट्रान्सफॉर्मर. आणि हे सगळं कशासाठी, तर एका माणसाला घरात बसून रेकॉर्डी ऐकायच्या म्हणून! गल्लीतल्या खांबावरची वीज म्हणजे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या फ्रीजची, वॉशिंग मशीनची उष्टी वीज. तिच्याने आवाज गढूळ होतो, आणि तार जितकी लांब तितका गाळ जास्त, असं जपानातल्या हामामात्सु गावातली ही रेकॉर्डी ऐकणारी मंडळी छातीठोकपणे सांगायची. त्यांना हे शास्त्र पढवलं होतं खुद्द सेगावाने. पियानोच्या कारखान्यात अडतीस वर्षं सूर लावलेला माणूस तो. त्याने मान हलवली की आवाज चांगला, नाक मुरडलं की वाईट. दर रविवारी दुपारी मंडळी जमायची तीही त्याच्याच घरी.

आणि नोझाकी कोण? त्याच कारखान्यातला, पण पॅकिंग खात्यातला. जन्मभर पियानोच्या खोक्यांना खिळे ठोकले पठ्ठ्याने! आता त्याच्या खांबापासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत तार अवघी सात मीटर. सेगावाने आपली मोजली, गल्लीच्या कोपऱ्यावरच्या खांबापासून थेट भिंतीपर्यंत. एक्केचाळीस! वर दिवाणखान्याच्या खिडकीतून, मधली तीन छपरं ओलांडून, त्या मेल्या खांबाचं डोकं दिवसभर दिसायचं.

खांब बघायला म्हणून नोव्हेंबरात एका रविवारी मंडळी नोझाकीकडे गेली. सेगावा गेला तो खोड काढायलाच. सोबत दातांची डॉक्टर इसोगाई बाई होती, आणखी दोघं होते. नोझाकीने चहा दिला, संत्री दिली, एका जुन्या पियानोवादनाची रेकॉर्ड लावली.

सेगावा कान टवकारून बसला. कुठे घरघर, कुठे फरफर, काही सापडतंय का? सापडेना. उलट सूर सुटताना पियानोच्या तारेवरची लोकरीची गादी उठते तो हलका श्वास, जो त्याने अडतीस वर्षं बोटांखाली ऐकला होता, तोही ऐकू आला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि नेमक्या त्याच क्षणी तोंडातून निसटलं, "स्वच्छ आहे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. नोझाकी लालबुंद झाला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि नुसताच वाकून नमस्कार केला.

"मग आता दर रविवारी इथेच जमू या ना!" इसोगाई बाई म्हणाली.

झालं. सेगावाचा रविवार गेला! घरात रविवार सोडला तर दुसरं होतं काय त्याच्याकडे? पोरं तोक्योला, हात थरथरायला लागल्यापासून सुराची कामंही बंद. एक तो रविवार होता, ज्या दिवशी चार माणसं त्याच्या तोंडाकडे बघत बसायची.

दुसऱ्या दिवशी त्याने पक्कड घेतली आणि अ‍ॅम्प्लिफायरची दोन मीटरची चांगली जाड तार कापून अर्ध्या मीटरवर आणली. बाहेरची तार कापता येत नाही, निदान घरातली तरी! पण एवढ्याशा तारेने अ‍ॅम्प्लिफायर पार भिंतीला टेकवावा लागला, आणि भिंतीशी होता वारलेल्या आईवडिलांच्या स्मृतीचा देव्हारा.

"अहो, आईंना घेऊन कुठे निघालात?" त्याची बायको मित्सुए दारातच थबकली.

"सॉकेट त्यांच्या मागे आहे."

"म्हणून त्यांना चपलांच्या फडताळावर ठेवणार? जिवंतपणी छळलंत ते कमी होतं का?"

"अगं, दीड मीटर वाचतोय!"

"वाचवा बाबा. सत्तरीचे कान आणि म्हणे दीड मीटर," असं म्हणून तिने देव्हारा त्याच्या हातातून काढून घेतला आणि आपल्या खोलीत नेला.

दीड मीटर वाचवूनही आवाज होता तसाच. मग सेगावाने शेवटी मनाचा हिय्या केला आणि नोझाकीचा खांब ज्याने बसवला त्याच वायरमनला बोलावलं. वायरमनने अंगण पाहिलं, टेप लावली, डोकं खाजवलं.

"हे टेंभुर्णीचं झाड पाडावं लागेल."

"पाडा. मला अगदी नोझाकीसारखा खांब हवाय."

"नोझाकीसानांसारखा? म्हणजे बंद?"

"बंद म्हणजे?"

"अहो, त्यांची जोडणी कुठे झालीय अजून! वीज कंपनीची माणसं पुढच्या महिन्यात येणार. आज तरी त्यांच्याकडे गल्लीचीच वीज आहे, तुमच्यासारखी."

सेगावाला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. लबाड! नुसता सिमेंटचा ठोंब्या उभा करून चार माणसांना उल्लू बनवतो! येत्या रविवारी भर मंडळीत असा फाडतो की बस्स! वायरमन गेला, आणि अंगण झाडता झाडता त्याचा हात थांबला. 'स्वच्छ' कोण म्हणालं होतं? सांगावं तर आपलेच कान चव्हाट्यावर येतात, आणि न सांगावं तर रविवार कायमचा गेला. चार दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही.

रविवारी तो तासभर आधीच नोझाकीच्या दारात जाऊन उभा राहिला. चपलाही काढल्या नाहीत.

"खांब बंद आहे तुझा!"

नोझाकी संत्री पुसत होता. त्याने फडकं खाली ठेवलं. "हो."

"हो? लाज नाही वाटत?"

"वाटते ना. त्या दिवशी मी सांगणारच होतो, की आज नुसता बाहेरून बघा, जोडणी व्हायचीय. तेवढ्यात तुम्ही 'स्वच्छ' म्हणालात. चार माणसांत तुम्हाला खोटं कसं पाडू, सेगावासान?" तो थांबला. "आणि खरं सांगू? मला ते हवं होतं. बत्तीस वर्षं दर रविवारी तुमच्या घरून परतताना माझा जळफळाट व्हायचा. हा खांब त्याच्यापायीच."

सेगावा बघतच राहिला. याला? माझा हेवा?

"मग त्या दिवशी आवाजात बदललं काय होतं?"

"काही नाही. तीच तार, तेच स्पीकर. याआधी तुम्ही दोनदा आला होतात माझ्याकडे. दोन्ही वेळा रेकॉर्ड चालू असताना तुम्ही बोलत होतात."

सेगावा खाली बसला आणि चपला काढू लागला.

मंडळी जमली. चहा झाला. रेकॉर्ड संपल्यावर इसोगाई बाईने नेहमीप्रमाणे विचारलं, "काय म्हणता, सेगावासान?" सगळे त्याच्या तोंडाकडे बघू लागले. नोझाकी मात्र चटईकडे बघत होता.

"खांब जोडलेला नाही," सेगावा म्हणाला. "मागच्या वेळीही नव्हता. आपण ऐकलं ते गल्लीच्याच विजेवर. आणि ते स्वच्छ होतं. आजही आहे. नोझाकीचा आवाज आधीपासूनच चांगला असणार, मीच कधी ऐकला नव्हता."

इसोगाई बाई फिस्सकन हसली. "अहो, मग ते तारेचं शास्त्र? तार जितकी लांब तितका गाळ?"

"ते तेवढं आज विचारू नका," तो म्हणाला. नोझाकीने मान वर केली तेव्हा त्याचे डोळे ओले होते.

संध्याकाळी घरी येऊन सेगावाने आईवडिलांचा देव्हारा जागेवर आणला. अ‍ॅम्प्लिफायर मागे सरकला, पण कापलेली तार थोडीच परत लांब होते! मित्सुएने भाताच्या कुकरचा एक्स्टेंशन बोर्ड आणून दिला, पिवळा पडलेला, तीन मीटरचा. त्यावर त्याने रेकॉर्ड लावली आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता ऐकली.

"कसा आहे?" तिने विचारलं.

"चांगला आहे."

मग त्याची नजर खिडकीबाहेर गेली. तीन छपरांपलीकडे खांब उभा होता.

"नोझाकीइतका नाही," तो दात खात म्हणाला. "आणि अजून तर त्याचा जोडलेलासुद्धा नाही!"