लिंबांच्या बागेखालची वास्तू

मित्रांनो, मी एक जुनी रोमन वास्तू आहे. जुनी म्हणजे तुमच्या पणजोबांच्या वेळची नव्हे. व्हेसुव्हियसच्या पायथ्याशी मी उभी राहिले, तेव्हा त्या डोंगराच्या पोटात आग आहे हेही कुणाला ठाऊक नव्हते. आज अंगावर छप्पर नाही, भिंती कमरेएवढ्या उरल्या आहेत. म्हणून कुणी ‘अरेरे’ म्हणायचे कारण नाही.

मला बांधले व्हिबियस नावाच्या तेलाच्या व्यापाऱ्याने. मांडणी मात्र त्याच्या बायकोची, हेरेन्नियाची. दारातून बोळ, बोळातून मोठे दालन. दालनाच्या छताला मधोमध मोकळी चौकट आणि तिच्याखाली पावसाचे पाणी झेलणारा हौद. त्यापुढे मालकाची बैठक, बैठकीमागे खांबांनी वेढलेली बाग. सकाळी दारे सताड उघडली की रस्त्यावरच्या माणसाला थेट बागेतले कारंजे दिसायचे आणि त्याच्या पोटात दुखायचे. “दुखू दे,” हेरेन्निया म्हणायची, “सगळं एका रेषेत त्यासाठीच बांधलंय.”

स्वयंपाकघर तेवढे कोपऱ्यात, धुराने काळे. पाहुण्यांना ते कधी कुणी दाखवले नाही. पण रात्रीच्या जेवणातला घरच्या देवांचा घास तिथल्या चुलीत पडल्याशिवाय जेवण पुरे होत नसे.

मग डोंगर फुटला. माणसे पळाली, छप्पर बसले, राख माझ्या गळ्याशी आली. राखेवर माती चढली, मातीवर लिंबांची बाग. माझ्या डोक्यावर लोकांनी लग्ने केली, भांडणे केली, लिंबे विकली. खाली मी आहे याचा एकालाही पत्ता नव्हता. नसू दे. मी जागची हलले नाही.

अलीकडे त्या बागेची मालकीण होती असुंता. तिच्या मुलाला, चिरोला, गाडी ठेवायला तळघर हवे होते. खणता खणता यंत्राचा दात माझ्या स्वयंपाकघरात घुसला.

“चिरो, भिंतीवर चित्रं आहेत,” रोक्को मिस्त्री म्हणाला. “सरकारला कळवायला हवं.”

“कळव की! येतील, भोवती दोरी बांधतील आणि जातील. माझ्या नातीचं लग्न होईल, पण दोरी सुटायची नाही. आजच काँक्रीट ओत. आणि मम्माला एक अक्षर बोलू नकोस.”

आमच्याकडे हे असेच चालते. जमिनीत पूर्वज सापडले की आधी इकडेतिकडे बघायचे आणि मग बुजवून टाकायचे.

काँक्रीटची गाडी पोट फिरवत उभी राहिली. तेवढ्यात असुंता सगळ्यांसाठी राजम्याचा पास्ता घेऊन आली आणि खड्ड्यात डोकावली. मग पदर नाही, पण घागरा सावरत थेट खाली उतरली. चुलीवर हेरेन्नियाचे काशाचे भांडे तसेच होते.

“हे काय रे?”

“काही नाही मम्मा, जुने दगड आहेत.”

“दगडावर भांडं कुणी ठेवलं? तुझ्या बापानं?”

रोक्को खोकल्यासारखा हसला.

“मम्मा, वर ये. माल घट्ट होतोय.”

“नोव्हेंबरात मृतांच्या रात्री मी ताटं मांडून झोपते, ती कुणासाठी? आपली गेलेली माणसं येऊन जेवतात म्हणून. मग ही माणसं कुठं येत असतील? आपल्या चुलीशीच ना! तू त्यांची चूल बुजवलीस, तर सगळी वर माझ्या टेबलाशी येतील. एवढ्यांचं रांधणार कोण? तुझी बायको?”

“अगं, दोन हजार वर्षं झाली त्यांना!”

“मग भूक किती लागली असेल, बघ!”

तिने पास्त्याचे पातेले चुलीच्या कडेला ठेवले आणि माझ्या उंबऱ्यावर फतकल मारून बसली. “ओत आता. आधी मला बुजव.”

गाडी बराच वेळ गुरगुरत राहिली. शेवटी रोक्कोने डोक्यावरची टोपी काढून आपटली. “मी नाही ओतत, बाबा. तुझ्या आईला पुरून या गावात तोंड कसं दाखवू?”

गाडी गेली. असुंताने उंबऱ्यावर बसूनच सरकारी कचेरीत फोन लावला. माणसे आली, त्यांनी दोरी बांधली, आणि चिरोचे म्हणणे खरे ठरले, ती अजून सुटलेली नाही. त्याची गाडी उन्हात तापते, जाता-येता तो मला शिव्या देतो. देऊ दे.

मित्रांनो, ज्या दालनाचे लोक कौतुक करायचे ते अजून रस्त्याखाली आहे. जे स्वयंपाकघर उघडे पडले आहे त्याच्या भेगांतले गवत उपटा, पावसाळ्यात वर पत्रा घाला. कीव नको, काम करा. आणि खणताना कधी तुमच्या पायाखाली माझी एखादी बहीण लागली, तर तिचे तोंड दाबू नका. आम्ही मेलेल्या नाही. तुम्ही वर बसला आहात, एवढेच.