पाच लिटरचा कॅन

बायको गेल्यावर सहाव्या दिवशी त्याने गाडी उघडली. लोकांना ते घाईचं वाटलं. मेहुणा फोनवर म्हणालासुद्धा, "भावोजी, थोडे दिवस जाऊ द्या की." पण दिवस जाऊ द्यायचे म्हणजे नक्की काय करायचं, हे काही त्याने सांगितलं नाही. घरात बसलं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं आणि पलीकडच्या खोलीत सासूबाई कूस बदलल्या की पलंग कुरकुरलेला ऐकू यायचा. त्यापेक्षा गाडी बरी.

गाडी हॉटडॉगची. वाहन परवान्याच्या कचेरीसमोर, फुटपाथच्या कडेला, चार वर्षं एकाच जागी उभी. ड्रायव्हिंगची परीक्षा द्यायला सकाळपासून रांग लागायची. पास झालेले आनंदाने एक खायचे, नापास झालेले दोन खायचे. त्यामुळे धंदा कधी बसला नाही.

खरं तर गाडी बायकोची. तो आधी लिफ्टचा मेकॅनिक. गुडघा गेला, शाफ्टमध्ये उतरणं बंद झालं आणि तो तिच्या हाताखाली आला. "घरात मी साहेब, गाडीवरही मीच साहेब. यांना सुट्टी म्हणून नाही," असं ती गिऱ्हाइकांना सांगायची. सकाळी आठला गाडी घेऊन तो पुढे जायचा, गॅस जोडायचा, कांदा चिरायचा. नऊला ती पाव आणि सॉसेज घेऊन यायची. सॉसेजला ती त्याला हात लावू द्यायची नाही. पण चार वर्षं तो तिच्या शेजारी उभा होता आणि नजर मेकॅनिकची होती. त्याने सगळं पाहिलं होतं.

पाणी उकळू द्यायचं नाही. भांड्याच्या कडेने बारीक बुडबुडे यायला लागले की आच कमी. खदखदलं तर सॉसेजची साल फाटते आणि आतला रस पाण्यात जातो. अशा पाण्यात सात-आठ मिनिटं. मग तव्यावर, तेलाचे चार थेंब, मध्यम आच, चिमट्याने सारखं लोळवत राहायचं, साल तांब्याच्या रंगावर येईपर्यंत. एका वेळी लागतील तेवढीच पाण्यात टाकायची. अर्ध्या तासाच्या वर पाण्यात राहिलेलं सॉसेज म्हणजे पोहून दमलेलं माणूस. पाव जाळीवर अर्धं मिनिट वाफेला, मग आतली बाजू तव्यावर. खाली मस्टर्ड, वर परतलेला कांदा.

सहाव्या दिवशी त्याने घड्याळ लावून हे सगळं केलं. दिसायला हॉटडॉग अगदी तिच्यासारखे झाले. पहिला त्याने स्वतः खाल्ला. चव काही लागली नाही, पण त्या दिवसांत त्याला पाण्याची आणि चहाचीही चव लागत नव्हती, म्हणून त्याने ते मनावर घेतलं नाही.

पहिले दोन दिवस कुणी काही बोललं नाही. ताजं दुःख, कोण बोलणार? मग कचऱ्याच्या डब्यात अर्धे खाल्लेले हॉटडॉग दिसायला लागले. ड्रायव्हिंग शाळेचा मास्तर रोजचा माणूस. तो हळूच म्हणाला, "वहिनींच्या हातालाच काहीतरी होतं हो."

हे त्याला पटलं नाही. हाताला काय असतं? लिफ्ट काही हात ओळखून वर जात नाही. कुठेतरी बिघाड असला पाहिजे.

कचेरीतला परीक्षक रोज साडेअकराला यायचा. रांगेतली सगळी त्याला नापास साहेब म्हणायची आणि ते त्यालाही माहीत होतं. एक हॉटडॉग, केचप नको, उभ्याने खायचा आणि जायचा. दहाव्या दिवशी त्याने अर्धा खाऊन कागद गुंडाळला.

"एक बोलू? रागावणार नाही ना?"

"नाही."

"यात काहीतरी सुटलंय."

"काय?"

"ते कळलं असतं तर मी इथे लोकांना गाडी मागे घ्यायला कशाला लावत बसलो असतो?" नापास साहेब म्हणाला आणि थोडा ओशाळून निघून गेला.

मग तो बिघाड शोधायला लागला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे जुन्या कामात शिकलेलं. एक दिवस पाणी खळखळून उकळलं, साली फाटल्या. एक दिवस पाणी वगळून थेट तव्यावर. बाहेर काळं आणि आत गार. एक दिवस आच कमी, एक दिवस तेल जास्त, एक दिवस सॉसेजला आडवे काप दिले, एक दिवस पाण्यात मीठ टाकलं. मिठाने जरा फरक पडला, पण नुसता खारटपणाचा. तो सगळं वहीत लिहून ठेवायचा. तारीख, काय बदललं, काय झालं. वहीत बघितलं असतं तर कुणालाही वाटलं असतं, या माणसाचं अगदी व्यवस्थित चाललंय. आणि व्यवस्थितच चाललं होतं. तो वेळेवर उठत होता, दाढी करत होता. भेटायला आलेली माणसं त्याच्या डोळ्यांकडे बघायची आणि काही न सापडल्यासारखी परत जायची.

घरी सासूबाई. दोन वर्षांपूर्वी त्या लेकीकडे राहायला आल्या होत्या. दोन वर्षांत जावई आणि सासू एकमेकांशी सरळ असं बोललेच नव्हते. भांडण नव्हतं, तशी सवयच पडली होती. एकाच खोलीत बसून सासूबाई लेकीला म्हणायच्या, "यांना सांग, नळ गळतोय." आणि तो बायकोला म्हणायचा, "आईंना सांग, उद्या बघतो." बायको पेपरमधून डोकं वर न काढता म्हणायची, "दोघांनीही ऐकलंय."

आता मधलं माणूसच गेलं होतं. सासूबाई ताट वाढायच्या, तो जेवायचा, दोघांची ताटं घासून ठेवायचा. नळ पुन्हा गळायला लागला होता, तो त्याने न सांगता दुरुस्त केला.

सतराव्या दिवशी सकाळी तो निघाला. ओट्याखालचा पाण्याचा पाच लिटरचा कॅन त्याने उचलला, तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या.

"रिकामाच नेताय?"

बायको गेल्यापासून त्या पहिल्यांदाच थेट त्याच्याशी बोलल्या होत्या. त्याने आधी मागे वळून पाहिलं.

"तिथे भरतो. कचेरीच्या आवारात नळ आहे."

"नळाचं?" सासूबाईंनी विचारलं. "मग पाणी कोण करतं?"

"करतं म्हणजे?"

त्या आत गेल्या, मोठं पातेलं काढलं आणि ओट्यावर ठेवलं.

"ती रोज पाचला उठून पाणी करायची. दोन सॉसेज तुकडे करून. एक कांदा, सालासकट. पाच-सहा मिरे, तमालपत्र, मीठ. अर्धा तास बारीक गॅसवर. मग गाळून कॅनमध्ये भरायची. तुम्हाला माहीत नाही?"

"नाही."

"साध्या पाण्यात टाकलं की पाणी सॉसेजची चव ओढून घेतं, म्हणायची. आधीच पोट भरलेलं असलं की ओढत नाही."

तो कॅन हातात धरून तसाच उभा राहिला. चार वर्षं त्याने हा कॅन रोज उचलून नेला होता. गुडघा दुखत असताना नेला होता. एकदा तो तिला चिडून म्हणालाही होता, "समोर नळ असताना घरून पाणी कशाला ओढायचं?" ती म्हणाली होती, "घरचं पाणी बरं असतं." त्यानेही पुढे विचारलं नव्हतं.

"आणि ते तुकडे?" त्याने आता विचारलं.

"आम्ही दोघी खायचो. चहाबरोबर. त्यात काही उरलेलं नसायचं. पण टाकायचे कशाला?"

"तुम्ही मला सांगितलं का नाही इतके दिवस?"

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल," सासूबाई म्हणाल्या. "नवरा-बायको होतात तुम्ही."

त्यांनी ते टोचून म्हटलं नव्हतं. त्यांना खरंच तसं वाटलं होतं.

त्या दिवशी तो तासभर उशिरा निघाला. साडेअकराला नापास साहेब आला. उभ्याने पूर्ण हॉटडॉग खाल्ला, एकेक बोट पुसलं, कागदाची घडी घातली.

"पास," तो म्हणाला.

रांगेतले लोक हसले. मास्तरने टाळी वाजवली. एका बाईने रांग सोडून आणखी एक मागितला. पूर्वी दिवसभर खपून बंद लिफ्ट चालू झाली की त्याच्या पोटात काहीतरी गार पडल्यासारखं व्हायचं. तो ते व्हायची वाट बघत राहिला. काही झालं नाही. बिघाड सापडला होता, मशीन चालू झालं होतं, एवढंच. त्याने पुढची चार सॉसेज पाण्यात टाकली.

संध्याकाळी त्याने एक हॉटडॉग कागदात बांधून घरी नेला आणि सासूबाईंच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी दोन घास खाल्ले. तिसऱ्या घासाला हात तोंडावर गेला. त्या उठल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडला. नळ बराच वेळ वाहत राहिला. तो दारापर्यंत गेला. दार वाजवायला हात वर केला आणि तसाच खाली घेतला. मग परत येऊन त्याने गाडीवरचे चिमटे घासले. ते आधीच स्वच्छ होते.

दुसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "मी मुलाकडे जावं म्हणते. इथे आता माझं काय?"

"बरं," तो म्हणाला.

रविवारी दुपारी तो त्यांना बसस्टँडवर सोडायला गेला. बॅग हलकी होती. बस दीडची होती, ते एक वाजताच पोचले. सिमेंटच्या बाकावर दोघं बसले, मध्ये बॅग. समोर एक कुत्रं बसच्या सावलीत झोपलं होतं आणि बस हलली की उठून दुसऱ्या बसच्या सावलीत जात होतं.

"त्या दिवशी मी आंघोळीला गेले होते," सासूबाई एकदम म्हणाल्या. "नळ सोडलेला. तिने हाक मारली असेल, तर मला ऐकू आली नसेल."

तो म्हणाला, "डॉक्टर म्हणाले ना, मेंदूत रक्तस्राव झाला की हाक मारायलाही वेळ मिळत नाही."

"डॉक्टर तसं म्हणतातच हो. आपल्यासाठी."

एक बस लागली, भरली आणि गेली. ती त्यांची नव्हती.

"मी तिला सहा फोन केले," तो म्हणाला. "साडेनऊ वाजले तरी आली नाही म्हणून. गिऱ्हाईक उभं होतं. सातवा तुम्ही उचललात. त्याआधी मी तिला शिव्या देत होतो. मोठ्याने. मास्तर शेजारीच होता. ती तिकडे पडली होती आणि मी इकडे शिव्या देत होतो."

हे त्याने अजून कुणालाही सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज अगदी साधा होता, वहीत लिहितो तसा.

"कसल्या शिव्या?"

"वाईट."

"सांगा."

"नको, आई."

"सांगा हो. माझ्या वयाला काय ऐकायचं बाकी राहिलंय?"

त्याने समोर बघत हळू आवाजात सांगितल्या. सासूबाईंनी नीट ऐकून घेतल्या. थोडा विचार केला.

"यापेक्षा वाईट ती तुम्हाला द्यायची," त्या म्हणाल्या. "तुम्ही पुढे गेल्यावर. टॉवेल पलंगावर टाकून जायचात ना, तेव्हा."

त्याच्या तोंडून एक आवाज आला. हसू म्हणावं तर तसंही नव्हतं. शेजारच्या बाकावरच्या माणसाने वळून पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले आणि थांबेनात. सासूबाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. मधली बॅग उचलून मांडीवर घेतली आणि बाकावर त्याच्या बाजूला जरा सरकून बसल्या.

दीडची बस लागली. कंडक्टरने गावाचं नाव दोनदा पुकारलं. सासूबाई उठल्या नाहीत. कंडक्टरने त्यांच्याकडे बघून तिसऱ्यांदा पुकारलं, मग घंटी मारली.

"पुढची साडेतीनला आहे," जावई नाक पुसत म्हणाला.

"असू दे."

साडेतीनचीही गेली. ऊन उतरायला लागलं तशी ती दोघं बॅग घेऊन चालत घरी आली.

सोमवारी गाडी लागली नाही. बायको गेल्यानंतरचे पाच दिवस सोडले, तर चार वर्षांत कामाच्या दिवशी असं पहिल्यांदाच झालं. बायको गेली त्या दिवशीसुद्धा गाडी जागेवर होती, मास्तरने संध्याकाळपर्यंत राखली होती. तो उठलाच नाही. जागा झाला तेव्हा खोलीभर ऊन होतं आणि बाहेर सासूबाई मुलाशी फोनवर बोलत होत्या. फोनवर त्या नेहमीच ओरडून बोलायच्या, तार लांब असल्यासारखं.

"नाही येत म्हटलं ना! अरे, रागावले नाही कुणावर. तुझ्याकडे मला कुणी काम सांगत नाही. नुसतं 'आई, तू बस' आणि 'आई, तू बस.' किती बसू?" थोडा वेळ त्या ऐकत राहिल्या. "ते? झोपलेत. बारा वाजले तरी झोपलेत. हो. नाही, तब्येत ठीक आहे. झोपू दे."

तो पडल्या पडल्या ऐकत होता. उशी एका बाजूने ओली होती. पोटात कळ आल्यासारखं वाटलं. ती भूक आहे, हे कळायला त्याला थोडा वेळ लागला.

तो उठून बाहेर आला.

"आई, खायला काही आहे का?"

सासूबाईंनी फोन खाली ठेवला आणि त्याला वर-खाली न्याहाळलं.

"आहे की," त्या म्हणाल्या. "हॉटडॉग सोडून काहीही मागा."