हात अस्मिताचे, नाव विनीतचं

मित्रांनो, मी एक जुना वेबकॅम आहे. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या बाजारातून अस्मिता आणि विनीतने मला बेलवलीला त्यांच्या वर्गात आणलं, ते मात्र आठवतं. दोघं शाळेपासूनचे मित्र. शिकवणीचा वर्गही दोघांनी मिळूनच काढलेला.

२००८ साली इंटरनेटवरच्या एका गणितप्रेमी मंडळाने स्पर्धा ठेवली. गणितातली अवघड गोष्ट सोपी करून सांगायची आणि सभासदांनी मतं द्यायची. अस्मिताने अपूर्णांकांचा भागाकार निवडला. अर्ध्याने भागलं की उत्तर मोठं का होतं, यावर मुलं दरवर्षी अडायची.

तिने जीन्सच्या कापडाची पट्टी आणली. विनीतने मला तिच्या हातांवर रोखलं. चार वीत पट्टीचे ती अर्ध्या-अर्ध्या वितीचे तुकडे कापत गेली. "भागायचं म्हणजे काय? चारातून असे किती निघतात, एवढंच बघायचं." आठ निघाले. मला केवढा अभिमान वाटला!

विनीतने व्हिडिओ स्पर्धेला पाठवला आणि तो पहिला आला. अस्मिता धावतच बघायला आली. पडद्यावर हात तिचे, शब्द तिचे. आवाज मात्र विनीतचा, आणि नाव एकट्या विनीतचं.

"अगं, तुझा आवाज खरखरत होता. म्हणून मी परत भरला."

"आणि नाव? तेपण खरखरत होतं?"

विनीत हसला. "वर्ग आपल्या दोघांचाच आहे ना? एवढं काय त्यात!"

ती पर्स उचलून निघून गेली, ती पुन्हा आलीच नाही. तिने विश्वासाने माझ्यापुढे हात धरले होते. त्या विश्वासाचा घात माझ्याच डोळ्याने झाला, हे मला अजून सलतं.

पुढे अंबरनाथच्या स्वप्नाली नावाच्या मुलीने व्हिडिओखाली विचारलं, "सर, एक वीत पट्टीतून दोन-तृतीयांश वितीचा एकच तुकडा निघतो. मग उत्तर दीड कसं?"

विनीतला सांगता येईना. शेवटी त्याने अस्मिताला फोन लावला. "तेवढं एक सांग ना, प्लीज." पलीकडून फोन ठेवला गेला.

दुसऱ्या दिवशी प्रश्नाखाली उत्तर आलं होतं. 'स्वप्नाली, उरलेली पट्टी त्या तुकड्याच्या निम्मी आहे. म्हणून एक आणि अर्धा. अस्मिता.' व्हिडिओबद्दल एक अक्षरही नव्हतं. विनीतने ते वाचलं, माझी वायर ओढली आणि मला खणात टाकलं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणत नाही. कुणी तुम्हाला काही समजावून दिलं, तर ते पुढे सांगताना आधी त्याचं नाव घ्या. हे मला त्या दिवशी विनीतला सांगायचं होतं. पण मला नुसता डोळा होता, आवाज नव्हता.