सुशीलाबाईंचा आवाज माझ्याकडे होता

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. खडकीला, दारूगोळा कारखान्याच्या क्वार्टरमध्ये, एका कपाटावर माझा मुक्काम असतो. एका कचेरीने मला भंगारात काढले, तेव्हा चेतनने मला घरी आणले. चेतन सॉफ्टवेअर लिहितो.

शेजारच्या सुशीलाबाई भीमगीते गात. त्यांची गाणी वस्तीने एका बड्या कंपनीच्या साइटवर ठेवली होती. सगळे फुकट आणि बिनकष्टाचे! एके दिवशी ते खातेच बंद झाले. चेतनने विनवण्या केल्या. ‘आमच्या नियमांत बसत नाही’ एवढेच उत्तर आले, तेही यंत्राचे. कोणता नियम, हे सांगायला यंत्राला फुरसत नसावी. गाणी गेली ती गेलीच.

“ताई, आता आपली स्वतःची साइट चालवू,” चेतन सुशीलाबाईंच्या मुलीला, अपेक्षाला म्हणाला. “मशीन आपलं, घर आपलं. कोण डिलीट करतंय बघू!”

सुशीलाबाई दम्याने थकल्या होत्या. तरी माझ्यासमोर बसून, मधेमधे पाणी पीत, त्यांनी सगळी गाणी पुन्हा म्हटली. कचेरीत मला एवढा मान कधी मिळाला नव्हता. त्याच वर्षी त्या वारल्या.

पुढे चेतनला हिंजवडीत नोकरी लागली. मी अखंड चालूच होतो. माझी डिस्क कुरकुरू लागली. मी धोक्याचे संदेश पाठवायचो, तो ते उघडायचा नाही.

“अरे, कपाटावरचं ते करकरतंय, बघ की जरा,” त्याच्या आई, हिराबाई, म्हणायच्या.

“रविवारी बॅकअप घेतो ना, आई!”

रविवारी कंपनीचे काम निघायचे. आठवडाभर परक्यांची यंत्रे जपणाऱ्याला घरातल्या यंत्रासाठी वेळ नव्हता.

चौदा एप्रिलच्या आधी घराला रंग द्यायची आमच्याकडे रीत आहे. हिराबाईंनी माझी वायर काढली आणि रंग उडू नये म्हणून मला आपल्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवले. इतक्या मायेने मला कोणी हात लावला नव्हता. पण वर्षानुवर्षे फिरणारी म्हातारी डिस्क एकदा थंडावली की पुन्हा फिरेलच असे नसते. हे त्यांना कोणी सांगितले होते?

जयंतीच्या सकाळी चेतनने बटण दाबले. दिवा लागला. डिस्क टकटक करून थांबली, ती कायमची. दुरुस्तीवाल्यानेही हात टेकले. अपेक्षा स्पीकर घेऊन दारात उभी होती.

“दुसरीकडे कुठे ठेवली असतील ना?”

“नाही, ताई.”

“मागच्या वेळी आईने परत म्हटली होती,” ती म्हणाली. “आता कोणाला सांगू?”



मित्रांनो, आपली ठेव कंपनीच्या हवाली करा नाहीतर स्वतःच्या घरात ठेवा, पण तिची दुसरी प्रत आजच काढा. घरात आणले म्हणजे जपले असे होत नाही. हिराबाई अजून माझ्यावरची धूळ रोज पुसतात. आपण वायर काढली म्हणून सुशीलाबाईंचा आवाज गेला, असे त्यांना वाटते. चेतनने अजून त्यांना खरे सांगितलेले नाही. मला तर त्यांच्याशी बोलता येत नाही. तुमच्यापैकी कोणी खडकीला गेलात, तर त्यांना एवढे सांगा की चूक त्यांची नव्हती.